एकोणतीस अंकी एक संख्या आणि तिची तपासणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी पेशाने कापड व्यापारी. शिक्षण बी.कॉम. आयुष्य महाद्वार रोडवरच्या दुकानात मीटर आणि रुपये मोजण्यात गेले. तत्त्वज्ञानावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मोजणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने एका मोजणीविषयी लिहायला हरकत नसावी, असा विचार करून हा लेख सादर करीत आहे. विषय एका संख्येचा आहे. ती संख्या अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

हे एकोणतीस अंक आहेत. लहानपणी एका प्रवचनात ही संख्या मी प्रथम ऐकली. जैन आगमांत पर्याप्त मनुष्यांची जी संख्या सांगितली जाते ती ही. घरी आल्यावर मी वडिलांना विचारले, "एवढी माणसे मावतात कुठे?" वडील वही लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "आकडा ऐकला की आधी तो कसा आला ते विचारावे. मावतो की नाही ते मग बघू." त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. वडील आज नाहीत.

संख्येची घडण

ही संख्या म्हणजे दोनाला दोनाने गुणत गेल्यास शहाण्णव दोनांचा जो गुणाकार होतो, तो. आजच्या भाषेत दोनाचा ९६ वा घात. प्राचीन आचार्यांनी ती दोनाने गुणत बसून काढली नाही. त्यांची रीत वर्गाची होती. दोनाचा वर्ग ४, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग १६, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. २५६ चा वर्ग ६५,५३६, हा चौथा. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. सहावा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. या मालिकेला द्विरूप वर्गधारा असे नाव आहे. तिच्यातील मोठ्या संख्यांना खास नावेही आहेत. ६५,५३६ ला 'पण्णट्ठी', पाचव्या वर्गाला 'बादाल' आणि सहाव्याला 'एकट्ठी'. आरंभीचे अंक पाहिले तर नावांचा उलगडा होतो. पण्णट्ठी म्हणजे पासष्ट, बादाल म्हणजे बेचाळीस, एकट्ठी म्हणजे एक आणि आठ. लांबलचक संख्येला तिच्या पहिल्या अंकांवरून हाक मारायची ही पद्धत आम्हा व्यापाऱ्यांना परकी वाटू नये. आम्हीही मालाचा लांब नंबर पूर्ण उच्चारत नाही.

पाचवा आणि सहावा वर्ग यांचा गुणाकार केला की आपली एकोणतीस अंकी संख्या मिळते. तीच पाचव्या वर्गाचा घनही आहे, कारण सहावा वर्ग म्हणजे पाचव्याचाच वर्ग. म्हणजे सहा पायऱ्यांचे वर्ग आणि एक गुणाकार, एवढ्या सात कृतींत काम झाले. शहाण्णव वेळा दुप्पट करण्यापेक्षा यात चुकीला वाव कितीतरी कमी.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्ट घरे भरायची. त्या दाण्यांची एकूण संख्या आपल्या सहाव्या वर्गाहून बरोबर एकाने कमी भरते. अल्-बिरूनीने इ.स. १००० च्या सुमारास हा हिशेब वर्गाच्याच रीतीने मांडून दाखवला. परंतु तो हिशेब सहाव्या वर्गाशी थांबतो. आपल्या ग्रंथांतील संख्या त्याच्याही पुढे बत्तीस दुपटींवर उभी आहे.

अर्धच्छेद म्हणजे काय

श्वेतांबर परंपरेच्या अनुयोगद्वार सूत्रात हीच संख्या वेगळ्या शब्दांत येते. जिला शहाण्णव वेळा निम्मे करता येते अशी ती संख्या, असे तिथे वर्णन आहे. आधुनिक अभ्यासकांचे लक्ष बिभूतिभूषण दत्त यांनी १९२९ साली जैन गणितावरील आपल्या निबंधातून या उल्लेखाकडे वेधले. दिगंबर परंपरेत हाच विचार 'अर्धच्छेद' या संज्ञेने येतो. दुकानातल्या उदाहरणाने सांगतो. चौसष्ट मीटरचा तागा घेतला आणि दर वेळी मधोमध कापून एक भाग बाजूला ठेवला, तर बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन आणि एक असे सहा कापांत आपण एक मीटरवर येतो. म्हणून चौसष्टाचे अर्धच्छेद सहा. सोळाचे चार. आता चौसष्ट आणि सोळा यांचा गुणाकार १,०२४. त्याचे अर्धच्छेद दहा, म्हणजे सहा अधिक चार. गुणाकाराचे काम बेरजेवर आले.

हा नियम इ.स. ८१६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या 'धवला' टीकेत आचार्य वीरसेनांनी वापरला आहे. अर्धच्छेदांचे पुन्हा अर्धच्छेद काढले की 'वर्गशलाका' मिळते. तिनाने भागत गेल्यास 'त्रिकच्छेद', चाराने भागत गेल्यास 'चतुर्थच्छेद'. युरोपात नेपियरचे लॉगरिथमचे कोष्टक १६१४ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गोष्टी सर्वस्वी एकच आहेत असे म्हणणे योग्य नाही. नेपियरने कोणत्याही संख्येसाठी उपयोगी पडणारी कोष्टके तयार केली, तसे कोष्टक इथे नाही. परंतु गुणाकाराला बेरजेचे रूप देण्याची मूळ कल्पना धवलेत आठशे वर्षे आधी स्पष्टपणे आहे, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

शहाण्णव अर्धच्छेद ऐकायला फारसे वाटत नाहीत. पाव मिलिमीटर जाडीचे सुती कापड घ्या आणि कल्पनेतच त्याची शहाण्णव वेळा दुहेरी घडी घाला. त्या घडीची जाडी पार करायला प्रकाशाला सुमारे दोनशे कोटी वर्षे लागतील.

गाथेत ठेवलेली संख्या

एवढी मोठी संख्या ताडपत्रावर शेकडो वर्षे नकलली गेली. नकलणाऱ्याच्या हातून एक अंक इकडचा तिकडे झाला तर संपूर्ण मोजणी बिघडते. खतावणीत ५४ च्या जागी ४५ लिहिले गेल्यावर काय होते ते प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे.

दहाव्या शतकात आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी यावर सुंदर उपाय योजला. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीची मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायाचे हे समकालीन. त्यांच्या 'गोम्मटसार' ग्रंथाच्या जीवकांडात एक गाथा आहे. तिच्यात एकोणतीस अक्षरे अशी ओवली आहेत की प्रत्येक अक्षर एक अंक सांगते. किल्ली अशी : क पासून झ पर्यंत १ ते ९, ट पासून ध पर्यंत १ ते ९, प पासून म पर्यंत १ ते ५, य पासून ह पर्यंत १ ते ८, आणि न तसेच ञ म्हणजे शून्य. स्वरांना किंमत नाही. अंक एकं स्थानापासून, म्हणजे उजवीकडून डावीकडे मांडायचे.

गाथेची पहिली तीन अक्षरे त, ल, ल या व्यंजनांची आहेत. त म्हणजे ६, ल म्हणजे ३, पुन्हा ३. उजवीकडून मांडले की ३३६. आपल्या संख्येचा शेवट हाच. अखेरची तीन अक्षरे ख, झ, स. म्हणजे २, ९, ७. उलट मांडले की ७९२. आपल्या संख्येचा आरंभ हाच. एका संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी कागद घेऊन सर्व एकोणतीस अक्षरे याप्रमाणे सोडवली आणि दोनाच्या ९६ व्या घाताशी ताडून पाहिली. एकही अंक चुकला नाही. हजार वर्षांहून अधिक काळ किती हातांतून ही गाथा आली असेल, पण रक्कम पै न् पै जुळली. छंदामुळे अक्षर गळत नाही, आणि पाठांतरामुळे ताडपत्र कुजले तरी संख्या टिकते.

संख्या बरोबर लिहिली आहे की नाही हे आपणही तपासू शकतो. जुने मुनीम नवांची कसोटी लावत. आपल्या संख्येतील सर्व अंकांची बेरीज १२७ येते. १, २, ७ मिळून १०, आणि पुढे १. पाचव्या वर्गाच्या अंकांची बेरीज ५८, तिच्यापासून १३, पुढे ४. सहाव्या वर्गाची ८८, तिच्यापासून १६, पुढे ७. आता ४ गुणिले ७ म्हणजे २८, त्यापासून १०, आणि पुढे १. ताळा जमला. पण ही कसोटी अदलाबदल झालेले अंक पकडत नाही. ५४ आणि ४५ तिला सारखेच. त्यासाठी अकरांची कसोटी हवी. एकं स्थानापासून एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा घ्याव्यात. त्या इथे ७९ आणि ४८ येतात. त्यांतील फरक ३१, अकराने भागून बाकी ९. पाचव्या वर्गाची अशीच बाकी ४, सहाव्याची ५. त्यांचा गुणाकार २०, बाकी ९. इथेही ताळा जमतो.

संख्येचे काही गुण

या संख्येला दोनाखेरीज कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही. तिचे एकूण विभाजक ९७ आहेत. स्वतः ती संख्या सोडून बाकीच्या ९६ विभाजकांची बेरीज केली तर ती मूळ संख्येहून केवळ एकाने कमी येते. ती पूर्ण वर्ग आहे, पूर्ण घन आहे, तसेच चौथा, सहावा, आठवा, बारावा, सोळावा, चोविसावा घातही आहे, कारण ९६ या आकड्याला या सर्वांनी भाग जातो.

तिच्या शेजारच्या संख्याही पाहण्यासारख्या आहेत. एक कमी केला तर त्या संख्येला ९७ ने निःशेष भाग जातो. एक वाढवला तर ६४१ ने जातो. या ६४१ मागे एक इतिहास आहे. फ्रान्सचा थोर गणिती फर्मा याने १६४० साली असे मत मांडले होते की आपल्या वर्गधारेतील संख्यांत एक मिळवला की दर वेळी मूळ संख्याच मिळते. ५, १७, २५७, ६५,५३७ पर्यंत ते खरे आहे. पण पाचव्या वर्गात एक मिळवला असता येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे, हे १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले. सहाव्या वर्गापुढची संख्याही संयुक्त असल्याचे लांद्री या फ्रेंच गणितीने १८८० साली, वयाच्या ८२ व्या वर्षी सिद्ध केले. फर्माचा मान त्यामुळे कमी झाला नाही. पण विधान कितीही थोर माणसाचे असो, पडताळा घ्यावाच लागतो.

वीरसेनांची तपासणी

आता वडिलांना विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. एवढी माणसे मावतात कुठे?

मूळ षट्खंडागमात मनुष्यांची नेमकी संख्या दिलेली नाही, मर्यादा दिली आहे. ती सहाव्या आणि सातव्या वर्गांच्या दरम्यान आहे. अधिक नेमके म्हणजे कोटी-कोटी-कोटीच्या वर आणि कोटी-कोटी-कोटी-कोटीच्या खाली. कोटी चार वेळा गुणली की एकावर अठ्ठावीस शून्ये येतात, म्हणजे तीही एकोणतीस अंकी संख्या. आपली संख्याही एकोणतीस अंकी, परंतु ती या मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे. नुसते अंक मोजणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतील.

वीरसेनांना तसे वाटले नाही. इतर ग्रंथांतून आलेली ही संख्या सूत्राने दिलेल्या मर्यादेबाहेर जाते, हे त्यांनी ओळखले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले, एवढी माणसे त्या क्षेत्रात मावू शकत नाहीत असे गणिताने दाखवले, आणि ही संख्या बरोबर नाही असा निर्णय दिला. माझ्या बालपणीचा भाबडा प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी धवलाकारांनी विचारला होता, आणि तो कागदावर मांडून सोडवलाही होता.

वीरसेनांची पद्धत सूक्ष्म आहे, ती इथे मांडणे माझ्या शक्तीबाहेरचे. पण आपण व्यापारी अंदाज घेऊ शकतो. अढाई द्वीपाचा व्यास शास्त्रात ४५ लाख योजने सांगितला आहे. त्याचे क्षेत्रफळ, मधले दोन समुद्र धरून, सुमारे १५ लाख ९० हजार कोटी चौरस योजने होते. एकोणतीस अंकी संख्येला त्याने भागले तर एका चौरस योजनेत सुमारे ५ हजार लाख कोटी माणसे येतात. हे योजन साध्या योजनाच्या पाचशेपट मोठे मानले आणि साधे योजन १२-१३ किलोमीटरचे धरले, तरी एका चौरस मीटरमध्ये शंभराहून अधिक माणसे उभी करावी लागतील. आपल्या दसरा चौकातली दसऱ्याची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला हे अशक्य आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शास्त्रातील मनुष्यक्षेत्र म्हणजे आजच्या भूगोलातील पृथ्वी नव्हे, म्हणून आजच्या जनगणनेशी या संख्येची तुलना करणे बरोबर नाही. केवळ प्रमाण कळावे म्हणून सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. तिचे अर्धच्छेद तेहेतीसही भरत नाहीत.

वीरसेनांनंतर सुमारे दीडशे वर्षांनी नेमिचंद्रांनी तीच एकोणतीस अंकी संख्या गाथेत गुंफली. म्हणजे संख्या आणि तिच्यावरचा आक्षेप, दोन्ही आपल्याच ग्रंथांत शेजारी शेजारी नांदत आहेत. कोणी आक्षेप पुसून टाकला नाही, कोणी संख्याही खोडली नाही.

कोल्हापूर, सोलापूर आणि अमरावती

हे सारे आज आपल्याला वाचता येते यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. धवलेच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीच्या भांडारात जुन्या कन्नड लिपीत होत्या, आणि त्या केवळ दर्शनासाठी उघडल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी या दोघा व्यापाऱ्यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून खटपट केली. पुढे १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचे खंड संपादून प्रसिद्ध केले. मनुष्यसंख्येची चर्चा असलेला द्रव्यप्रमाणानुगम हा तिसरा खंड. चौथ्या खंडात, १९४२ साली, लखनौ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरचा लेख आला, आणि वीरसेनांची ही तपासणी गणितज्ञांपुढे गेली.

या कार्यात हिरालालजींचे सहकारी होते ते आपल्या कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा हे त्यांचे जन्मगाव. १९३० ते १९६२ या काळात ते राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक होते. या दोघांनी संपादलेली 'तिलोयपण्णत्ती' सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ आणि १९५१ साली दोन भागांत निघाली. त्याच मालेत १९६३ साली महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह आला. गोम्मटसाराच्या जीवकांडाची केशववर्णींच्या कन्नड टीकेसह निघालेली आवृत्तीही उपाध्ये आणि पं. कैलाशचंद्र शास्त्री यांच्या नावावर आहे. राजाराम कॉलेजच्या आवारात येता-जाता आपल्यापैकी कितीजणांना हे आठवत असेल?

संगणकाच्या पडद्यावर

शेवटी एक योगायोग. दुकानाच्या हिशेबाचे काम संगणकावर आल्यानंतर मी मुलाला सहज विचारले की यात मोठ्यात मोठी रक्कम किती मावते. त्याने शोधून दाखवले की मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्रणालीत पैशांच्या हिशेबासाठी 'डेसिमल' नावाचा एक अंकप्रकार असतो. त्यात पूर्णांक ९६ बिटांत साठवला जातो, आणि त्याची कमाल मर्यादा ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३५ आहे. पडद्यावरचे आकडे पाहून मी चकित झालो. गाथेतील संख्येहून बरोबर एक कमी. यात कोणी कोणाची नक्कल केलेली नाही, आणि प्राचीनांना संगणक ठाऊक होता असे म्हणणे हास्यास्पद होईल. जो दोनाच्या पटीत मोजेल, तो शहाण्णवाव्या पायरीवर याच ठिकाणी पोचेल, एवढेच.

तरुणपणी दुकानाच्या खतावणीत वडिलांच्या हातची एक जुनी चूक माझ्या लक्षात आली होती. मागील पानावरून पुढे आणलेली शिल्लक चुकली होती आणि तीच पुढे वर्षभर चालत आली होती. सांगावे की नाही या विचारात मी दोन दिवस काढले. अखेर सांगितले. वडिलांनी चष्मा लावून दोन्ही पाने पाहिली, जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ त्यावर मारली, शेजारी बरोबर आकडा लिहिला आणि तारीख घातली. म्हणाले, "खोडून काळे करू नये. मागून येणाऱ्याला दोन्ही दिसले पाहिजेत."

धवलेतील ती चर्चा वाचताना मला ती आडवी रेघ आठवली. एकोणतीस अंकी संख्या आपण अवश्य पाठ करावी, मुलांकडून गाथा सोडवून घ्यावी. पण त्याबरोबर वीरसेनांची तपासणीही त्यांना सांगावी. दोन्ही आपल्याच वहीतील नोंदी आहेत.